हात वर करायचा नियम

लेकशोअर
२ जून

सौ. रोशेलवहिनीस, जेरिलचा सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो आईने लहानपणी लावलेल्या सवयीने. आज तो मनात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

काल व्यायाम आटोपून बाहेर पडत होतो, तर भिंतीवरच्या टीव्हीवर तू दिसलीस. चर्चला घालतेस तो निळा झगा, आणि शेजारी दादा. दादाच्या गळ्यात टाय बांधलेला, हात मांडीवर, नजर भलतीकडेच. खाली पट्टी सरकत होती, की जायबंदी खेळाडूच्या पत्नीने अमेरिकन फुटबॉलच्या कमिटीपुढे कैफियत मांडली आणि टीमच्या मालकांनी किकऑफचा नियम बदलला. टीममधली चार पोरं माझ्या शेजारी उभी होती. एकाने विचारलं, की हा लायनेल फोंटनेट तुझा कोण. मी सांगितलं, सख्खा भाऊ. मग त्याने विचारलं, की ती बाई कोण, आणि मी म्हटलं, ठाऊक नाही.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते काल कळलं. लगेच फोन केला, तर ओरडतोस म्हणून तू तो आपटलास. ठीक आहे. कागदावर ओरडायला कोणाची मनाई नाही.

वहिनी, मी काय काम करतो हे तुला नव्याने सांगायला हवं का? समोरची टीम मैदानाच्या त्या टोकाकडून लाथ मारून चेंडू आभाळात उडवते, तो किकऑफ. या टोकाला मी तो झेलतो, आणि अकरा माणसं माझा चुराडा करायला धावत सुटतात. त्यांच्यातून वाट काढत मी जितका पुढे जाईन तितकं मैदान आमचं. एवढंच. मला पास धड झेलता येत नाहीत, मी कोणाला अडवू शकत नाही, उंची बेताची. देवाने एवढी एकच गोष्ट दिली आणि तिच्यावर मी आठ वर्षं या लीगमध्ये टिकलो. आता नवा नियम म्हणतो, की चेंडू येताना दिसला की हात वर करून हलवायचा. तेवढ्यावर खेळ थांबला, चेंडू आमच्या गोलरेषेपासून पंचवीस यार्डांच्या रेषेवर फुकट. कोणी पळायचं नाही, कोणी धडकायचं नाही. हात काय, शाळेतलं पोरही वर करतं. मग मला कशाला ठेवतील? माझ्या पोटावर पाय द्यायला बाहेरचं कोणी लागलं नाही, घरातलं माणूस पुरलं.

आणि दादाला कशाला नेलंस? गुरांच्या बाजारात जनावर उभं करतात तसं त्याला त्या सुटातल्या लोकांपुढे बसवलंस. दादासारखा निडर माणूस मी या खेळात पाहिला नाही. त्याचं काम माझ्या बरोबर उलट. किक झाली की जिवाच्या आकांताने धावत जाऊन समोरच्यांनी उभी केलेली माणसांची भिंत फोडायची. ती फोडताना त्याने कधी पाऊल आखडतं घेतलं नाही. त्याला तू गरीब बिचारा करून टाकलंस. त्याला विचारलं तरी होतंस का?

दादाला माझा नमस्कार सांग. हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस.

शेवटी लोभ मागतात. उरला असेल तर असू दे.

जेरिल


सेंट ओडील, लुइझियाना
११ जून

चि. जेरिलराव यांस रोशेलचे अ. उ. आ.

राव लावलं ते मुद्दाम. चार पोरांत ज्याला वहिनी ओळखू येत नाही तो मोठाच माणूस झाला म्हणायचा, त्याला अरेतुरे कसं करावं. माझ्या लग्नात टेबलाखाली लपून केकवरची साखरेची फुलं खाणारा आणि मग माझ्याच झग्यावर ओकणारा जेरिल तो दुसराच कोणी असणार.

वाचून दाखवू नकोस म्हणालास, पण दाखवलं. फोनची घंटा लायनेलला सहन होत नाही, टीव्हीचा आवाज चालत नाही, भांडं पडलं तरी तो कान दाबून खाली बसतो. पण मी सावकाश वाचलेलं पत्र तो शेवटपर्यंत ऐकतो. गुरांच्या बाजाराचं ऐकून त्याला हसू आलं. मग विचारलं, की हे कोणी लिहिलंय. मी तुझं नाव सांगितलं, तर म्हणाला, की त्याला आधी गृहपाठ करायला सांग.

त्याला विचारलं होतं का म्हणतोस. विचारलं होतं, पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी हो म्हणाला, आणि दर वेळी पुढे विचारलं, की मॅच कुठे आहे. विमानात बसेपर्यंत तो खेळायलाच निघाला होता. टाय मी नाही बांधला, त्याने स्वतः बांधला. टीमबरोबर प्रवास करताना टाय लागतो, एवढं त्याच्या लक्षात होतं.

मी तिथे काय बोलले ते टीव्हीने दाखवलं नाही. मी म्हणाले, की ही किकच बंद करा. हात वर करण्याने झेलणारा वाचेल. पण त्याच्यावर धावून जाणाऱ्याचं काय? समोरचा हात वर करेल की पळेल हे त्याला कसं कळणार? त्याला दर वेळी तसंच ऊर फुटेस्तोवर धावावं लागणार, आणि जो पळेल त्याच्यापुढची भिंत तशीच फोडावी लागणार. माझा नवरा झेलणारा नव्हता हो, धावणारा होता, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माना हलवल्या, मला रुमाल दिला, आणि आधीच ठरवून आणलेला नियम मंजूर केला. माझं काम देव्हाऱ्यातल्या फुलासारखं, नुसतं शोभेपुरतं होतं. तेव्हा तू माझ्यावर जितका चिडला आहेस त्याहून मी त्यांच्यावर जास्त चिडले आहे, आणि तुझ्यावर चिडायला तरीही माझ्याकडे भरपूर शिल्लक आहे.

तू घरी येऊन किती काळ लोटला? खोकी येतात. बूट येतात, मोठा टीव्ही आला, मालिश करणारी खुर्ची आली. टीव्ही लावता येत नाही आणि खुर्ची गुरगुरते म्हणून लायनेल तिच्याजवळ फिरकत नाही. तिच्यावर मांजर झोपतं. तुझा भाऊ त्याचा चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुपारभर मला तो शोधायला लावतो. सकाळी मी शाळेची बस घेऊन निघते तेव्हा शेजारच्या कॉर्डेलियाबाई येऊन बसतात, नाहीतर तो साखर कारखान्याच्या रस्त्याला लागतो. हे सगळं तुला टीव्हीवर दिसलं याचा तुला राग आला. घरी येऊन बघायला लागू नये म्हणून तर तू खोकी पाठवत होतास.

पोटावर पाय दिला म्हणतोस. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ज्यांनी दिला त्यांना तू कधी पत्र लिहिलं होतंस?

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद खरे आहेत, बाकी सगळं रागाचं आहे.

रोशेल


लेकशोअर
२० ऑगस्ट

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन महिने बॅगेत घेऊन फिरतोय. उत्तर लिहायला बसलो की हात शिवशिवतो आणि लिहिलेलं फाडावं लागतं. खोक्यांचं लिहिलंस ते झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलंस, तेव्हा तुझं काम झालं.

सराव सुरू झालाय. इथे रोज दुपारी आमचा हात वर करायचा तास असतो. थट्टा करत नाहीये. नियमात लिहिलंय, की हात डोक्यावर पूर्ण ताठ हवा आणि डावीकडून उजवीकडे हलायला हवा. अर्धवट केला तर तो इशारा धरत नाहीत. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला तर तो इशारा नव्हे. म्हणून कोच शिट्टी वाजवतो आणि आम्ही चौघं एका रांगेत उभे राहून आभाळाकडे बघत हात हलवतो, जणू होडी सुटलीय आणि आम्ही काठावर राहिलोय. त्या चौघांत एक जण एकशे चाळीस किलोचा आहे. त्याला गंमत म्हणून उभा केला होता. त्याने हात वर केला, चेंडू झेलला, कोचने टाळी वाजवली. सगळे हसले. मीही हसलो, वहिनी, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन कपाटाच्या दाराला लाथ मारली. दार वाकलं.

कोचने बोलावून सांगितलं, की सध्या तुला ठेवतोय. पंट नावाची दुसरी किक असते, तिच्यावर तरी तू पळशील. किकऑफवर मात्र काही झालं तरी पळायचं नाही, हात वर. त्याने कागदावर मला आकडे दाखवले. पळणारा सरासरी पंचवीसच्या अलीकडेच पडतो, मग फुकट मिळतंय ते का सोडा. त्याचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच जास्त राग येतो. चुकीचं बोलला असता तर भांडता आलं असतं.

किक बंद करा असं तू म्हणालीस, हे मला माहीत नव्हतं. तुझं ऐकलं असतं तर मी जूनमध्येच बेकार झालो असतो, हेही तुझ्या लक्षात असू दे. तरी पण अर्धामुर्धा हात हलवत मरण्यापेक्षा ते बरं झालं असतं. माझ्यातला जो भाग पळतो त्याला हे लोक रोज थोडं थोडं उपाशी ठेवतायत.

दादाला विचार, की धावून येणाऱ्याला खरंच कळत नाही का, समोरचा पळणार की नाही. मला आठ वर्षांत हे कधी विचारावंसंच वाटलं नाही.

वाकडं लिहिलं असेल तर वाकडंच वाच. माया पातळ करू नकोस.

जेरिल


सेंट ओडील
८ ऑक्टोबर

चि. जेरिलला अ. उ. आ.

आज राव नाही. आज भांडायला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय.

आधी तुझं. हात वर करायच्या तासाचं वाचलं आणि लायनेल इतका हसला, की कॉर्डेलियाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. तेव्हापासून टपालवाल्याला हात, पाद्रीबाबांना हात, उसाच्या ट्रकला हात. पाद्रीबाबांना वाटलं की त्याला प्रार्थनेची ओढ लागली. तू विचारलेलंही विचारलं. तो भात चिवडत होता. मग म्हणाला, की कळत नाही, आणि कळून घ्यायचं पण नसतं. ते बघायला थांबला तो हळू झाला, आणि हळू झाला त्याला कोच घरी पाठवतो.

आता माझं. लायनेलच्या जुन्या टीमच्या डॉक्टरांकडून उत्तर आलं. मी विचारलं होतं, की त्याच्या डोक्याची ही अवस्था किकऑफच्या धडकांनी झाली एवढं तरी लिहून द्या. त्यांनी गोड भाषेत कळवलंय, की असा संबंध लावता येत नाही. माणसाला असं कशानेही होऊ शकतं. वय असतं, घराण्यात असतं, कधी पडलाझडलाही असेल.

जेरिल, मी बस रस्त्याच्या कडेला उभी करून ते वाचलं. मुलं उतरली होती म्हणून बरं, नाहीतर त्यांच्या कानावर नको ते शब्द गेले असते. जूनमध्ये माझ्या नवऱ्याला समोर बसवून हेच लोक म्हणत होते, की हा खेळप्रकार इतका धोकादायक आहे की नियम बदलल्यावाचून गत्यंतर नाही. ऑक्टोबरमध्ये त्याच नवऱ्याचं नाव घेतलं की धोका गायब. सगळ्यांसाठी धोका आहे, फक्त ज्याला झाला त्याच्यासाठी नाही. त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये तो पाच माणसांच्या भिंतीत घुसला, उठला, आणि चालत जाऊन समोरच्या टीमच्या बाकावर बसला. त्यांनीच त्याला पाणी दिलं. सगळ्या देशाने ते पाहिलं आणि सगळे हसले. म्हणे पडलाझडला असेल.

तू म्हणालास, की दादाला त्यांच्यापुढे बसवलंस. बसवलं, आणि मला त्याचा पस्तावा होतोय, पण तुझ्या कारणासाठी नाही. त्यांना चेहरा हवा होता आणि मी तो नेऊन दिला. काम झाल्यावर त्यांनी चेहरा परत केला.

तू मात्र सांगितलंय तेवढंच कर. हात वर कर आणि अंगाने धड राहा. तुझा कोच मला पहिल्यांदाच आवडला.

सोमवारी नेहमीसारखा राजमा-भात केला होता. तुझ्या नावाने लायनेल दोनदा जेवला. ओढ कायम ठेव.

रोशेल


लेकशोअर
२१ नोव्हेंबर

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

मला काढलं. तुझ्यापर्यंत बातमी पोचली असेलच, पण घडलं कसं ते माझ्याकडून ऐक.

रविवारी आम्ही हरत होतो. थंडी अशी की बोटं कळत नव्हती. किक आली, उंच आणि लांब, मी आमच्या गोलरेषेच्या मागे पाच यार्ड आत. इथून कोणी शहाणा पळत नाही. हात वर कर, चेंडू पंचवीसवर. माझा हात अर्धा वर गेला होता, वहिनी. आणि मला तो एकशे चाळीस किलोचा आठवला, ती टाळी आठवली, तुझ्या डॉक्टरांचं ते गोड उत्तर आठवलं, आणि मी हात खाली घेतला.

त्यानंतरचं मी आयुष्यभर विसरणार नाही. पहिला माझ्या अंगावरून घसरून गेला. दुसऱ्याला मी डावीकडे जातोय असं वाटलं, तो बिचारा डावीकडेच गेला. चौघं एकत्र आले, तर त्यांच्यामध्ये दार उघडावं तशी जागा दिसली. सगळं स्टेडियम उभं राहिलेलं मला ऐकू येत होतं. शेवटी एकाने घोट्याला धरून पाडलं. मी उठलो तेव्हा ओरडत होतो, काय ते देवाला ठाऊक. आठ वर्षांत मी इतका चांगला पळालो नव्हतो.

पाडलं ते तेविसाव्या यार्डावर.

कळलं ना? अर्धी टीम चकवून, जीव धोक्यात घालून, अठ्ठावीस यार्ड पळून मी जिथे पोचलो ते हात वर करून उभा राहिलो असतो त्याच्या दोन यार्ड मागे. लोक टाळ्या वाजवत होते आणि कोच माझ्यापुढे दोन बोटं नाचवत होता. म्हणाला, की तू माझे दोन यार्ड घालवलेस. मंगळवारी बोलावून हात मिळवला. चांगला बोलला. चुकीचं काहीच बोलला नाही. एवढा धडधडीत बरोबर माणूस मी पाहिला नाही. त्याला खुर्चीसकट खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं.

आता पुढचं. कॅनडातल्या एका टीमचा माणूस दुसऱ्याच दिवशी बोलला. त्याने ती धाव पाहिली आणि वेडाच झालाय. तिकडच्या खेळात हात वर करायची सोयच नाही. झेललं की पळायचं, मैदान रुंद, आणि माझ्यासारख्याला तिकडे मान आहे. पुढच्या उन्हाळ्यापासून दोन वर्षं. कागद जानेवारीत येतील, मी सही करणार. तुला विचारत नाहीये, वहिनी, कळवतोय. त्या रविवारी मला कळलं, की मी संपलेलो नाही, मला संपवतायत.

दादाला ती धाव दाखव. आवाज बंद करून दाखव. त्याला अभिमान वाटेल.

तुम्ही दोघं जवळ असता तर आज बरं झालं असतं. माझ्यावर नाराज हो, पण परकी होऊ नकोस.

जेरिल


सेंट ओडील
३ डिसेंबर

चि. जेरिलला अ. उ. आ.

धाव पाहिली. सुरेख आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी दाराच्या जागेपाशी मी कॉर्डेलियाबाईंचा दंड इतका दाबला की त्यांना वळ उठला. नोकरी गेली त्याचं मला खरंच वाईट वाटलं. हे आधी लिहिते, कारण पुढे मी चांगलं बोलणार नाहीये.

लायनेलला आवाज बंद करून दाखवली. एकदा पाहिली, पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा लाव म्हणाला. मला वाटलं आवडली. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. तुझ्यावर नाही, समोरून येणाऱ्यांवर. एकेकावर ठेवत गेला आणि म्हणाला, की हे पळत नाहीयेत. मी म्हटलं, अरे पळतायत की. तर चिडला. म्हणाला, की बघ त्यांच्या पायांकडे. ह्यांना वाटलंय हा हात वर करणार. सगळे रमतगमत येतायत. जेरिल एकटाच पळतोय.

मी पुन्हा पाहिली, आणि एकदा सांगितल्यावर दिसलं. तूही बघ. तुझ्या त्या नियमाने त्यांनाही सहा महिन्यांत आळशी केलंय. तू हात खाली घेतलास तेव्हा निम्मे जण बाकाकडे वळायच्या बेतात होते. जिच्या जोरावर तू कॅनडाला निघालास ती धाव बेसावध लोकांमधली आहे. तिकडे कोणी बेसावध नसेल. तिकडे हात नाहीच, म्हणजे प्रत्येक जण लायनेल असेल.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुझ्याकडे उरलेलं ते एकच मी काढून घेतेय. तरी घेतेय.

पुढे जे झालं तेही लिहिते. मी लायनेलला विचारलं, की जेरिल कॅनडाला जातोय, तुला काय वाटतं. त्याचा चेहरा असा फुलला, की कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाला, की मलाही बोलावलंय का. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, की उद्या बोलावलं तर मी जाईन. बूट कुठे आहेत विचारायला लागला. मी हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. तो कान दाबून खाली बसला, आणि मी त्याला तसाच टाकून मागच्या पायरीवर जाऊन बसले. इतका राग मला कमिटीचा आला नव्हता, डॉक्टरांचा आला नव्हता, तुझाही नाही. ज्याने त्याला खाल्लं त्याच्याकडे तो पुन्हा हसत जायला तयार आहे, आणि मी इथे त्याचा चष्मा शोधतेय.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, शेजारी बसला, आणि म्हणाला, की जेरिलला लिही. पुढचं त्याचं आहे. तो बोलला तसंच उतरवलंय, मी एक शब्द हलवलेला नाही.

“जेरिल, मला विचारू नको. मला फार आवडायचं. विचारलंस तर मी जा म्हणणार. मी नेहमी जा म्हणणार. रोशेलला विचार. माझ्यानंतरचं सगळं तिला माहीत आहे.”

एवढं बोलून त्याने विचारलं, की जेवायला काय आहे.

मला आणखी काही लिहायचं नाही. नाताळ बरा जावो. आशीर्वाद आहेतच.

रोशेल


लेकशोअर
९ जानेवारी

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

ती धाव मी पुन्हा पाहिली. पहिल्यांदा तुझ्यावर चिडून, मग दादावर, मग त्या अकरा जणांवर. ते पळत नाहीयेत. एक जण तर हेल्मेटचा पट्टा सोडतोय.

कागद आलेत. पेनही त्यांनीच पाठवलंय. टेबलावर आहे. कॅनडाचा माणूस रोज बोलतो, आणि मी रोज सांगतो, की घरी विचारतोय. तो हसतो. तिशीतला माणूस घरी काय विचारतो, म्हणतो.

मी जूनमध्ये तुला छाती फुगवून विचारलं होतं, की दादाला विचारलं होतंस का. मला कोणी असं विचारलं तर मी काय सांगणार? इतकी वर्षं मी कोणाला काही विचारलंच नाही. तू रागावलेली असशील. रागाने सांग, पण सांग.

जाऊ का?

जेरिल


सेंट ओडील
१५ जानेवारी

चि. जेरिलला अ. उ. आ.

नको.

विचारलंस म्हणून सांगते, आणि विचारायला तुला इतके महिने लागले म्हणून अजून धुसफुसतेय. तू न जाता काय करशील, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आहे असं म्हटलं तर खोटं होईल. पळण्यासारखं दुसरं काही तुला कधी मिळणार नाही, आणि तू इथे येऊन वर्षभर दारं लाथाडशील, हे मला माहीत आहे. लाथाड. दारं सुताराकडून दुरुस्त होतात.

तरी सही तुझी, हात तुझा. तू गेलास तर मी तुला अडवायला विमानतळावर येणार नाही. पण तिकडची तुझी पत्रं लायनेलला वाचून दाखवणार नाही. तो आनंदाने ऐकेल, आणि तो आनंद मला बघवणार नाही. आणि उद्या तू चुकीच्या बाकावर जाऊन बसलास तर मी सांभाळेन, असं धरून चालू नकोस. एकाला भरवताना माझे हात भरून येतात. आजारपणात सांभाळीन अशी शपथ तुझ्यासाठी लग्नात कोणी घेतलेली नाही, आणि मला दुसरी घ्यायला लावू नकोस.

लायनेलने मला कधी विचारलं नाही. मला आज त्याचाही राग येतो आणि नाहीही येत. कारण तेव्हा विचारलं असतं, तर मी टाळ्या वाजवत जा म्हणाले असते. मी तरुण होते, तो देखणा होता, आणि तो भिंतीवर धावून गेला की सगळं स्टेडियम त्याचं नाव घ्यायचं. नको कसं म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मी या घरात रोज थोडं थोडं शिकले, आणि आजवर ते म्हणायला मला कोणी मिळालं नव्हतं.

रोशेल